फांदी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं म्हणतात. आमच्या आबांनी 62 वर्षं ती चढली नाही. भावकीत बांधावरून भांडण झालं, तेव्हा त्यांनी दोन हात रान सोडून दिलं, पण वकील केला नाही. ती पायरी त्यांना माझ्यामुळं चढावी लागली.

ट्रॅक्टर आमच्याकडं आला तो बँकेच्या कर्जावर. कर्ज आबांच्या नावावर, म्हणून आरसी बुकही आबांच्याच नावावर. चालवायचो मी. आबांनी जन्मभर बैल हाकले. ट्रॅक्टरच्या सीटवर ते कधी बसले नाहीत, मडगार्डवर बसायचे. हंगामात दोन ट्रॉल्या जोडून आम्ही कारखान्याला ऊस वाहायचो. ऊस ट्रॉलीच्या मागं हात-दोन हात लोंबत असतो. त्याच्याआड मागचा दिवा झाकून जातो, आणि रेडियमच्या पट्ट्या तर पहिल्याच खेपेला चिखलानं भरतात. सगळ्यांच्याच तशा असतात, म्हणून आपल्याही आहेत, एवढाच माझा विचार.

2011 सालचा डिसेंबर. दिवेलागणीला ओढ्याच्या पुलाअलीकडं मागच्या ट्रॉलीचं टायर बसलं. जवळ जॅक नव्हता. अशा वेळी आमच्याकडं मागं पंधरा-वीस पावलांवर दगड मांडतात, झाडाची फांदी तोडून टाकतात. बाभळ शेजारीच होती, कोयताही होता. पण मी म्हटलं, अर्ध्या तासात जॅक घेऊन येतोच की. आणि एकाच्या गाडीवर मागं बसून गावात गेलो.

परत आलो तर रस्त्यावर दूध सांडलेलं. पलीकडच्या वाडीचे दूधवाले नाना दोन्ही बाजूंना कॅन लावून डेअरीकडं निघाले होते. समोरून आलेल्या गाडीच्या उजेडात त्यांना ट्रॉली दिसलीच नाही. उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं.

पोलिसांनी जबाब घेताना विचारलं, “मागं फांदी-बिंदी ठेवली होतीस का?”

“ठेवली हुती साहेब. वाऱ्यानं सरकली आसंल.”

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आपोआप तोंडातून आलं.

गुन्हा दाखल झाला. भारतीय दंड विधानाचं कलम 338, म्हणजे निष्काळजीपणानं गंभीर दुखापत, आणि 283, म्हणजे सार्वजनिक रस्त्यात अडथळा नि धोका. हाड मोडलं की कायद्याच्या लेखी ती गंभीर दुखापतच. पोलिसांचा अहवाल आरटीओकडं गेला आणि माझं लायसन का निलंबित करू नये, अशी कारणे दाखवा नोटीस घरी आली. मी ती देवळीत, विजेच्या बिलांखाली सारून दिली. पुढं वकीलसाहेबांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. त्या नोटिशीला उत्तर देता येतं, समक्ष जाऊन म्हणणं मांडता येतं, आदेश निघाल्यावरही 30 दिवसांत अपील करता येतं. मी यातलं काहीच केलं नाही. आदेश आला. लायसन तीन महिने निलंबित. कार्ड जमा करून आलो. खिशात झेरॉक्स तेवढी राहिली.

मार्चमध्ये आमच्याच रानात तोड आली. बीडकडची टोळी, पहाटेपासून कोयते चालू. सांजेला दोन्ही ट्रॉल्या भरल्या. बदली ड्रायव्हर सांगून ठेवला होता, तो आलाच नाही.

“उद्या नेऊ,” आबा म्हणाले. “लायसन न्हाई तर हात लावू नगं.”

“मार्चचं ऊन हाय आबा. वजन घटतंय. आन रातचं कोण बघतंय?”

आबा काही बोलले नाहीत. ओसरीवर तंबाखू मळत बसले. चावी खुंटीला होती. मी ती काढली, तेव्हा ते माझ्याकडं बघत होते.

कारखान्याच्या अलीकडच्या फाट्यावर बॅटरीचा उजेड पडला. हवालदार तेच, ज्यांनी डिसेंबरात पंचनामा केला होता. मी झेरॉक्स पुढं केली. त्यांनी ती उलगडलीसुद्धा नाही. “लायसन आरटीओत, आन तू हितं?” एवढंच म्हणाले.

ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारात लागला. ज्या उसाचं वजन घटू नये म्हणून मी निघालो होतो, तो दोन दिवस तिथं उन्हात वाळला.

मला वाटलं होतं, गुन्हा माझ्यावर एकट्यावर होईल. मोटार वाहन कायद्याचं कलम 182, निलंबन असताना वाहन चालवणं, ते माझ्यावर. पण कलम 180 मालकासाठी आहे. चालकाकडं चालू लायसन नाही आणि तरी मालकानं वाहन चालवू दिलं, तर मालकही आरोपी. मालक म्हणजे आबा. वकीलसाहेब वर म्हणाले, “बरं झालं नुसतं पकडलं. त्या रात्री कुणी चाकाखाली आलं असतं, तर विमा कंपनीनं पैसे तुमच्याकडून वसूल केले असते. रान गेलं असतं.”

तारखेला आबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आले. पट्टेवाल्यानं व्हरांड्यात आबांच्या नावाचा पुकारा केला, पुढं अहो-जाहो काही नाही. गावात त्यांना नुसत्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आबांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि देवळात शिरावं तसे आत गेले.

न्यायाधीशांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?”

“व्हय साहेब. एकदा नगं म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो न्हाई.”

मला 500 रुपये दंड झाला. आबांना 1,000. तेव्हाचा कायदाच तसा होता. चालवणाऱ्यापेक्षा चालवू देणाऱ्याचा दंड मोठा. 2019 च्या दुरुस्तीनंतर ते उलटं झालंय. चालवणाऱ्याला 10 हजार, मालकाला 5 हजार, आणि तीन महिन्यांपर्यंतची कैद दोघांनाही होऊ शकते. एसटीत बसल्यावर आबांनी दंडाची पावती घडी करून चंचीत ठेवली. गाव येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला एक शब्द बोलले असते, तर बरं वाटलं असतं.

पहिली केस अजून चालूच होती. वकीलसाहेब म्हणाले, 338 मध्ये कोर्टाच्या परवानगीनं तडजोड होते, जखमी माणसाची संमती पाहिजे. मी वाडीला गेलो. दवाखान्याचा खर्च आबांनी म्हैस विकून आधीच दिला होता, पण मी स्वतः त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. नाना काठी घेऊन अंगणात बसले होते. त्यांचं पोरगं आयटीआय सोडून दुधाची लाइन करत होतं. ते रिकामे कॅन धूत होतं. त्यानं माझ्याकडं वर बघितलंसुद्धा नाही.

नाना म्हणाले, “सही करतो मी. पर एक सांग. फांदी हुती का?”

मी खाली बघितलं. कॅनचं पाणी माझ्या पायाशी येत होतं.

“न्हवती, नाना.”

“मला ठावं हाय. पडल्या पडल्या मी तेच बघत हुतो.”

त्यांनी सही केली. 338 मिटलं. 283 मध्ये तडजोड होत नव्हती. तो गुन्हा मी कबूल केला. दंड 200 रुपये. एवढ्या पैशांत तेव्हा टायरचं एखाद-दुसरं पंक्चर निघायचं.

लायसन त्याच्या मुदतीनं परत मिळालं. आधी मी ते पोलिसांना दाखवायचा कागद समजत होतो. ते मागनं येणाऱ्या माणसासाठी असतं, हे कळायला मला नानांच्या अंगणात जावं लागलं.

आता आबा नाहीत. ट्रॅक्टर माझ्या नावावर आहे, आणि माझं पोरगं चावीसाठी हात पुढं करायला लागलंय. त्याला अजून अठरा पूर्ण व्हायचेत. एकदा नको म्हणतो, दुसऱ्यांदाही म्हणतो, आणि चावी खुंटीला न ठेवता खिशात ठेवतो. टूलबॉक्समध्ये जॅक आहे आणि एक फडकं आहे. ट्रॉली भरली की त्या फडक्यानं मागच्या पट्ट्या पुसतो, दिवा उसाच्या बाहेर दिसतोय का ते लांब जाऊन बघतो. बाकीचे ड्रायव्हर हसतात.

नानांचं पोरगं आता दुधाची लाइन टेम्पोनं करतं. पहाटेच्या अंधारात मागनं येतं, हॉर्न देतं आणि पुढं निघून जातं. मी हात वर करतो. त्याला तो दिसतो की नाही, कोण जाणे.