झारेकऱ्याची थाळी

सराफाच्या दुकानातला केर उकिरड्यावर जात नाही, तो विकला जातो. घेणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात, सीमेपलीकडे गुजरातेत धुळधोया, उत्तरेत न्यारिया. या धंद्यात आपल्या समाजाची घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केर जाळायचा, राख चाळायची आणि परातीत पाण्याने हेलकावत धुवायची. माती वाहून जाते, जड ते तळाशी राहतं. मग त्यात पारा घोळायचा. तो सोन्याचांदीचे कण धरून ठेवतो, आणि आचेवर पारा उडाला की मागे धातू उरतो. त्या वाफेने माणसाच्या हातांना कंप सुटतो. आपल्या कथा-कवितांतून विणकर येतो, बागवान येतो, हा मात्र फारसा येत नाही.

मला तो आठवला २०१८ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर. रंगावली नवापुरात शिरली, घरं पडली, माणसं गेली. माझ्या खालाजानच्या घरातले जीव वाचले, पण मागची भिंत पेटीसकट गेली. पेटी सापडली ती झाकण उघडलेली आणि गाळाने भरलेली. झुमक्यांची जोडी आणि मुलीच्या निकाहसाठी ठेवलेली नथ तिच्यात नव्हती.

भाचा सुरतेहून धातू शोधायचं मशीन घेऊन आला. मशीनच्या टोकाला गोल थाळी असते, तिला कॉइल म्हणतात. ती जमिनीत चुंबकीय लहर सोडते, त्या लहरीने गाडलेल्या धातूत वीज खेळते आणि तिची चाहूल कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये आवाज होऊन येते. त्याची थाळी ११ इंची होती. पडक्या घराच्या गाळात ती काही कामाची नव्हती. तिथे काय नव्हतं? पत्र्याचे तुकडे, खिळे, सायकलच्या तारा, चुन्याच्या डब्या, गोळ्यांच्या पन्न्या, बाटल्यांची बुचं. मोठ्या थाळीखाली एका वेळी पाच-सहा वस्तू येतात, सगळ्या एकदम बोलतात आणि लोखंड सगळ्यांवर ओरडतं. खिळ्याशेजारचं सोनं ऐकूच येत नाही. शिवाय आपली काळी माती बेसॉल्टची, तिच्यातच लोहाचे कण असतात. जितकी मोठी थाळी, तितकी जास्त माती तिच्या कक्षेत आणि तितकी जास्त कुरकुर.

मग त्याने ५ इंची थाळी लावली. बशीएवढी. ती खोल पाहत नाही. नाण्याएवढ्या वस्तूसाठी थाळीच्या व्यासाएवढी खोली धरावी, असा ढोबळ हिशेब आहे. पण दोन खिळ्यांच्या मधली जागा तिला वेगळी ऐकू येते. खोलीची उणीव आम्ही फावड्याने भरून काढली. चार बोटं गाळ ओढायचा, ताडपत्रीवर पसरायचा, पुन्हा थाळी फिरवायची, अगदी सावकाश.

मशीनवर कचऱ्याचे आवाज गाळायची सोय असते. भाच्याने पन्नीचा आवाज बंद केला होता. खाटेवर बसलेल्या खालाजान म्हणाल्या, “बेटा, पन्नी आणि माझी नथ, वजनाला दोन्ही हलकी. आवाज वेगळा येतो का?” नव्हता येत. बारीक सोनं आणि ॲल्युमिनियमची पन्नी मशीनला जवळपास सारखीच. एक टाळली की दुसरंही टळतं. तेव्हापासून प्रत्येक पन्नी खणायची ठरलं. दोन दिवसांत बादली भरली. तिसऱ्या दिवशी चुलीजवळच्या खिळ्यांच्या पुंजक्यातून एक झुमका निघाला.

त्याच संध्याकाळी चांदीचा एक जाड वाळा निघाला, आदिवासी बाया घालतात तसा. आमचा नव्हता. मोहल्ल्यात वाद सुरू झाला. कोणी म्हणालं, जमिनीतून निघालं म्हणजे रिकाज, पाचवा हिस्सा द्या आणि बाकी ठेवा. मौलानांनी समजावलं, रिकाज म्हणजे जुन्या जमान्यातलं पुरलेलं धन. हा लुकता, कुणाचा तरी हरवलेला माल, त्याचा वर्षभर पुकारा करायचा. कायदा जाणणाऱ्या एकाने १८७८ चा निखात निधीचा कायदा काढला. जमिनीत दडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं निघालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. यावर कोणीतरी विचारलं, स्टेशनात सापडलं तर कोणत्या कलेक्टरला? आमचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. सगळे हसले. पुरानंतर पहिल्यांदाच.

पुकारा झाला. जुम्याच्या नमाजनंतर, बाजारात, सराफाच्या पेढीवर. वजन आणि खूण सांगायची नाही, ती मागणाऱ्याने सांगायची, हा त्यातला नियम. तीन जण येऊन गेले, कोणालाच खूण सांगता आली नाही. सात महिन्यांनी नदीच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची एक बाई आली. तिने काही सांगितलं नाही, फडक्यातून जोडीचा दुसरा वाळा काढून पुढे ठेवला. चहा पिऊन उठताना तिने विचारलं, “तुमचं मिळालं का, माय?”

नथ मिळाली नव्हती. खालाजानच्या वहीत दर रमजानला जकातीसाठी दागिन्यांचं वजन मांडलेलं असतं. २०१९ च्या रमजानमध्ये त्यांनी मौलानांना पुसलं, गाळात गेलेल्या सोन्यावर जकात लागते का? हनफी मताप्रमाणे परत हाती येईपर्यंत लागत नाही. त्यांनी नथेचं वजन बेरजेतून वगळलं, पण ओळ खोडली नाही. एका झुमक्याचं वजन मात्र लिहिलं.