जुने ते सोने, पण…

‘जुने ते सोने’ ही म्हण ज्याने काढली, त्याने पतंगाची दोरी स्वतःच्या कमरेला अडकवून समुद्रात पाऊल टाकले नसावे. एरवी ही म्हण म्हणजे आमच्या घराण्यात वेदवाक्यच! थोरल्याचा सदरा धाकट्याला, शेजाऱ्यांचा पाळणा आम्हाला आणि आमच्याकडून पुढे मामेबहिणीला, असाच आमचा संसार चालत आला. माझी पाठ्यपुस्तके तीन हात फिरून यायची. पण अवघड गणितांची उत्तरे समासात आयती लिहिलेली असल्यामुळे मला ती कोऱ्या पुस्तकांपेक्षा मोलाची वाटत.

तेव्हा गोव्यात नोकरी करणाऱ्या पुतणीने “काका, जुना संच घेऊ की नवा?” असे विचारले, तेव्हा माझे उत्तर तयार असायला हरकत नव्हती. परंतु प्रश्न सायकलीचा नव्हता, काइटबोर्डिंगचा होता. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, वीस-बावीस मीटर लांब दोऱ्यांच्या टोकाला दहा-बारा चौरस मीटरचा पतंग, आणि मोरजीच्या किनाऱ्यावरचा दुपारचा वारा! संक्रांतीला आपण पतंग उडवतो. इथे पतंग आपल्याला उडवतो. मायदेशी परतणारा एक प्रवासी आपला २००४ सालचा संच जवळजवळ फुकटात देत होता. नव्यासाठी तिची वर्षभराची शिल्लक गेली असती. तिचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, आता नाहीत. “स्वस्तात मिळतंय तर घे,” हे चार शब्द उच्चारण्याआधी मी चष्मा पुसला आणि अभ्यासाला बसलो.

आमच्या सौभाग्यवतींचा पर्याय तिसराच होता. “बुद्धिबळ शीक म्हणावं तिला!”

अभ्यासातून कळले ते असे. फ्रान्समधील ब्रूनो आणि दोमिनिक लेगेन्यू या भावांनी हवा भरून फुगवायच्या पतंगाचे पेटंट १९८४ मध्ये घेतले. पाण्यात पडलेला पतंग बुडू नये, पुन्हा उठावा, ही त्यामागची कल्पना. १९९७ मध्ये तो बाजारात आला. पण त्या काळच्या कमानदार पतंगांना एक वाईट खोड होती. हातातली दांडी सोडली तरी त्यांची ओढ पुरती सुटत नसे. २००५ च्या सुमारास धनुष्याच्या घाटाचे पतंग आले. त्यांची दांडी पुढे सरकवली की ओढ बहुतांशी ओसरते. आणि प्रसंग अगदीच बिकट आला, तर कमरेजवळचा खटका ढकलताच पतंग एकाच दोरीवर निपचित पडतो. या खटक्यासाठी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. प्रवाशाचा पतंग या सुधारणेच्या अलीकडचा होता. तिथेच त्याचा निकाल लागला.

पण म्हणून सगळेच कोरे घ्यावे, हेही माझ्या हिशेबनीस मनाला पटेना. मग आम्ही दोघांनी फोनवरून एकेका वस्तूची जात ठरवली. फळीला तडा गेला तर तो दिसतो. पट्ट्याची शिवण उसवली तर तीही दिसते. या वस्तू आपले वय लपवत नाहीत. त्या जुन्या चालतील. पतंगाचे कापड मात्र उन्हाने आतल्या आत मरते. नवे कापड कोऱ्या नोटेसारखे कडकडते, ऊन खाल्लेले धुवट धोतरासारखे मऊ पडते. हवा भरून काही तास ठेवल्याखेरीज नळ्यांची गळती कळत नाही. आणि दोऱ्या! पुढच्या दोऱ्यांवर भार अधिक, म्हणून त्या अधिक ताणतात. चारही दोऱ्या एका खुंटाला अडकवून ओढल्या की कोण किती लांबली ते समजते.

शेवटी फळी आणि पट्टा प्रवाशाकडून घेतला. दांडी, दोऱ्या आणि खटका कोरा घेतला. पतंग दुसऱ्या एकाचा, दोनच हंगाम वापरलेला, कडकडणारा. शिल्लक निम्म्याने वाचली. ती तिने शिकवणीच्या फीसाठी ठेवली, हे मला सर्वांत आवडले.

प्रवाशाने तो २००४ चा पतंग जाताना तिलाच देऊन टाकला. तिने त्याच्या पिशव्या शिवल्या. त्यांतली एक आमच्याकडे आली आहे. पाच किलो कांदे सहज पेलते!