नऊ कॅरेटची मुद्रिका

"कोणाच्या बोटाचं माप घ्यायचं?" या प्रश्नावर मी माझाच उजवा हात पुढे केला. पोलादी कड्यांचा जुडगा निघाला, एकेक कडं मधल्या बोटावर चढत-उतरत राहिलं. आपल्याकडे अंगठीचं माप आकड्यात सांगतात, न्यूझीलंडमध्ये इंग्रजी अक्षरात. माझं 'ओ' निघालं.

2019चा फेब्रुवारी, म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. ऑकलंडला धाकट्या बहिणीकडे महिनाभर गेले होते आणि त्यातले दोन दिवस नेल्सनसाठी राखून ठेवले होते. नेल्सन हे दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाचं गाव. तिथे टेकडीवरच्या कॅथीड्रलच्या पायऱ्या उतरलं, की जवळच येन्स हॅन्सन यांची पेढी आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या चित्रपटांमधली अंगठी याच पेढीने घडवली.

टॉल्किन यांची ही कादंबरी 1954-55मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मी ती अकरावीत हातात घेतली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे एका बाजूला पुस्तक आणि दुसऱ्या बाजूला शब्दकोश. आठ महिने लागले. शेवटचं पान मिटलं तेव्हा इंग्रजीची भीती गेली होती, ती कायमची. पहिल्या पगारातून काहीतरी घेऊन हे साजरं करायचं मनात होतं. पण पगार घरच्या गरजांना पुरायचा, आणि त्याबद्दल आजही खंत नाही. अंगठी वीस वर्षं थांबली, इतकंच.

कथेतल्या अंगठीवर खडा नाही, नक्षी नाही. ती विस्तवात तापली तरच तिच्यावर अक्षरं उमटतात, एरवी साधं सोन्याचं कडं. म्हणूनच ती घडवणं अवघड होतं. हिरा बसवलेली अंगठी पडद्यावर लक्ष वेधून घेईलच. नुसत्या गोलाईने माणसाची नजर बांधून ठेवायची, तर तिची जाडी, वळण आणि कडा किती घासायच्या, यावरच सगळं अवलंबून. हॅन्सन जन्माने डॅनिश, लहानपणी न्यूझीलंडला आलेले. पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटासाठी त्यांनी सुमारे पंधरा नमुने करून दिले आणि त्यातला एक पसंत झाला. मग एकाच अंगठीच्या चाळीसेक आवृत्त्या निघाल्या: बोटात घालायची एका मापाची, गळ्यातल्या साखळीत दिसायची त्याहून जरा मोठी. अगदी जवळून दाखवायच्या दृश्यासाठी तर 20 सेंटिमीटर व्यासाचं, जेवणाच्या ताटलीएवढं कडं केलं होतं. पडद्यावर चमकणारी ती अक्षरं मात्र सोनाराने कोरलेली नव्हती, ती नंतर संगणकावर चढवली.

हॅन्सन ऑगस्ट 1999मध्ये कर्करोगाने गेले. पुढचं काम त्यांचा मुलगा थॉर्किल्ड आणि पेढीतल्या कारागिरांनी पूर्ण केलं. पहिला चित्रपट डिसेंबर 2001मध्ये आला. आपल्या हातून घडलेली सर्वांत प्रसिद्ध वस्तू या माणसाला पडद्यावर पाहायला मिळाली नाही. त्यांच्या पेढीत उभी असताना मला ही गोष्ट चित्रपटातल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा जास्त लागली.

अंगठीची कथा आपल्याला परकी नाही. हनुमान अशोकवनात सीतेसमोर ठेवतो ती रामाची मुद्रिका. तिच्यामुळे सीतेला ओळख पटते. शकुंतलेची अंगठी पाण्यात पडते, माशाच्या पोटात जाते, कोळ्याच्या हाती लागते आणि दुष्यंताला सगळं आठवतं. टॉल्किन यांची अंगठीही नदीत हरवते आणि मासेमारी करायला गेलेल्याच एकाला तळाशी सापडते. ती घटकाभरही त्याच्याकडे राहत नाही. तिच्यासाठी सोबतचा मित्र त्याचा गळा दाबतो. आपल्या दोन्ही अंगठ्या ओळख पटवतात. ही अंगठी घालणारा दिसेनासा होतो आणि हळूहळू स्वतःलाही हरवून बसतो. सबंध कादंबरी म्हणजे एक वस्तू टाकून देण्यासाठी केलेली पायपीट आहे.

मग तीच वस्तू विकत कशी घ्यायची? हा प्रश्न मला दुकानात जायच्या आधीपासून छळत होता. त्याचं निम्मं उत्तर खुद्द टॉल्किन यांच्याकडे मिळालं. एका चाहत्याने त्यांना पोलादी चषक पाठवला होता आणि त्यावर अंगठीवरचीच अक्षरं कोरली होती. टॉल्किन यांनी त्यातून कधी घोटभरही काही घेतलं नाही. तंबाखूची राख टाकायला तो वापरत असल्याचं त्यांनी पत्रात लिहिलं आहे. ते शब्द दुसऱ्यांवर सत्ता गाजवू पाहणाऱ्याचे आहेत, हे ज्याने लिहिले त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून अक्षरं कोरून घ्यायची नाहीत, हे मी ठरवलं. मला सत्तेची अंगठी नको होती. एका सोनाराने साधेपणातून काय उभं केलं, ते मला रोज बोटावर पाहायचं होतं.

अठरा कॅरेट, म्हणजे पंचाहत्तर टक्के सोनं, माझ्या आवाक्याबाहेर होतं. नऊ कॅरेटची घेतली.

पुण्याला परतल्यावर आईने ती तळहातावर तोलून पाहिली. "अगं, हे तर आपलं वेढणंच आहे. तुझ्या आजोबांच्या हातात असायचं तसं. पण त्यांचं चोख सोन्याचं होतं. नऊ कॅरेट म्हणजे निम्म्याहूनही कमी! मोडायला गेलीस तर काय येणार?" बावीस कॅरेटशिवाय दागिना न केलेल्या पिढीचा हिशोब होता तो आणि हिशोब म्हणून बरोबरच होता. आमच्या नेहमीच्या सोनारांनीही काट्यावर ठेवून हेच सांगितलं. मग भिंग लावून त्यांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली आणि म्हणाले, "काम मात्र स्वच्छ आहे. कुठे डाग लावल्याची खूण नाही."

"कोणी दिली?" हे अजूनही विचारतात, लग्नकार्यात तर हमखास. बाईच्या बोटातली अंगठी कोणीतरी दिलेलीच असणार, असं गृहीत धरलेलं असतं. मी सांगते, माझी मीच घेतली. वयाच्या सोळाव्या वर्षी एक पुस्तक वाचलं होतं, त्याची आहे. त्यावर काहीजण गप्प होतात. काहीजण पुस्तकाचं नाव विचारतात आणि त्यांना मी पहिला खंड वाचायला देते. आतापर्यंत चार जणींनी तो नेला, तिघींनी पुढचे दोन्ही खंड मागून घेतले.

सहा वर्षांत अंगठीवर बारीक चरे पडले आहेत. उजाळून घेतलेली नाही. आतल्या बाजूला 375 हा शिक्का आहे, बाहेर काहीही कोरलेलं नाही.