आठच्या सुमारास

"मी आठच्या सुमारास घरीं येतों," असें मी वर्षानुवर्षें सांगत आलों आहें. वसईस आमच्या घरीं आई त्याच हिशेबानें पानें मांडते.

पुतणीनें कॉलेजच्या अभ्यासासाठीं माझ्या येण्याच्या वेळा दोन महिने टिपल्या आणि आलेख काढणाऱ्या गणकयंत्रांत भरल्या. वर्गांतर २ तासांचें ठेवतांच ७ ते ९ असा एकच भरभक्कम आयत उभा राहिला. मला धन्यता वाटली ! मग तिनें वर्गांतर १० मिनिटांचें केलें, आणि त्या आयताचे दोन मनोरे झाले. एक ७-४० चा, जलद लोकल मिळालेल्या दिवसांचा. दुसरा ८-२० चा, ती हुकलेल्या दिवसांचा. मधें आठला रिकामें मैदान ! सरासरी मात्र बरोबर आठ.

अशा आयतालेखाला कार्ल पिअर्सननें १८९० च्या दशकांत 'हिस्टोग्राम' हें नांव रूढ केलें. सामग्रीचे गट पाडल्यावांचून तो निघत नाहीं. पण गट रुंद केला कीं माणसाची सबबही त्यांत सुखानें मावते. ज्या वेळीं मी जवळजवळ कधींच आलों नाहीं, नेमकी त्याच वेळीं आई इतकीं वर्षें दाराकडे पाहात होती.

हल्लीं मी बोरिवलीहून फोन करतों. ती म्हणते, "आठच्या सुमारासच ना रे ?"