ओझे उतरविणारे क्रियापद

मनुष्यावर दोष ठेवण्याच्या कामी आपली मराठी फार समृद्ध आहे. ठपका ठेवता येतो, बोल लावता येतो, खापर फोडता येते. दोष खोटा असेल तर त्यासाठीही वेगळे शब्द आहेत. आळ येतो, बालंट येते, किटाळ येते. इतक्या बारकाईने ज्या भाषेने दोषारोपाचे प्रकार लावून ठेवले, तिच्यात तो दोष पुन्हा अंगावरून काढून घेण्यासाठी एक सुटसुटीत क्रियापद मात्र सापडत नाही. किटाळ टळते, पण ते आपले आपण टळते. कोणी टाळले, हे क्रियापद सांगत नाही. ‘निर्दोष ठरविणे’, ‘दोषमुक्त करणे’ हे कचेरीतले जोडकाम झाले. ओसरीवर बसून कोणी कोणाला ‘दोषमुक्त’ करीत नाही.

इंग्रजीत या कामासाठी ‘एक्झॉनरेट’ असे एक क्रियापद आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ पुष्कळदा ‘क्षमा करणे’ असा सांगितला जातो, आणि आमची तक्रार नेमकी तेथे आहे. शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘ओनस’ म्हणजे ओझे, आणि ‘एक्स’ हा उपसर्ग बाहेर काढण्याचा. प्रारंभी हा शब्द जहाजावरचा माल उतरविण्यासाठीही वापरीत. म्हणजे एक्झॉनरेट करणे हे मुळात हमालाचे काम आहे, राजाचे नव्हे. जे ओझे या पाठीवर असावयास नको होते, ते उतरवून खाली ठेवावयाचे, इतकेच.

त्याची भावंडे शेजारी उभी केली म्हणजे भेद ध्यानात येतो. ‘पार्डन’ म्हणजे माफी. ती देणारा मोठा, घेणारा लहान. आणि माफी देताना गुन्हा घडला हे गृहीतच असते. ‘अ‍ॅब्सॉल्व्ह’ म्हणजे बंध सोडविणे. पापनिवेदनानंतर धर्मगुरू जे करतात ते हे. तेथेही पाप आहेच, फक्त त्याची गाठ सुटली. आमच्या कोकणी वाचकांचा ‘भोगसणें’ हा गोड शब्द याच घरातला आहे. ज्याचा ‘गुन्यांव’ असेल त्यालाच भोगसणें मिळावयाचे. ‘अक्विट’ म्हणजे देणे फिटून मोकळे होणे. न्यायालय आरोपीला सोडते तेव्हा हा शब्द येतो. परंतु पुरावा अपुरा पडला, संशयाचा फायदा मिळाला, म्हणूनही मनुष्य सुटू शकतो. एक्झॉनरेट या सर्वांहून वेगळे. त्यात दोष नव्हताच, असे उघड म्हणावे लागते. म्हणूनच या क्रियापदाचा कर्ता माणूस असलाच पाहिजे असे नाही. एखादा अहवाल, एखादे पत्र, एखादी नव्याने सापडलेली वस्तूही मनुष्याला एक्झॉनरेट करू शकते. कागद माफी देऊ शकत नाही, पण कागद ओझे उतरवू शकतो.

फ्रान्समधील कॅप्टन ड्रेफस यांची कथा या भेदाचा उत्तम दाखला आहे. १८९४ साली त्यांच्यावर शत्रूला गुपिते विकल्याचा आरोप सिद्ध झाला असे ठरले आणि त्यांना दूर समुद्रातील बेटावर डांबले. १८९९ मध्ये फेरचौकशीतही पुन्हा दोषी ठरविल्यावर राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली. ड्रेफस घरी आले, पण थांबले नाहीत. आपले निर्दोषत्व सिद्ध होईपर्यंत झगडत राहू, असे त्यांनी जाहीर केले. १९०६ साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने ती शिक्षाच रद्द केली. माफी आणि मुक्ती यांत सात वर्षांचे अंतर पडले. पहिलीने त्यांना घर दिले, दुसरीने नाव दिले.

हे सारे आम्ही आदिलाबादेत बसून लिहीत आहोत, आणि येथे हा शब्दविचार केवळ कोशापुरता राहत नाही. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यातला. १९५६ साली त्या राज्याची वाटणी झाली. किनवट आणि राजुरा मराठी मुलखाकडे गेले, आम्ही तेलुगू मुलखात राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, डोंगरात गोंडी आणि कोलामी, आणि जुन्या कचेरीचा वारसा उर्दूचा. त्या उर्दूने आम्हांला ‘बरी’ हा शब्द दिला. खटल्यातून सुटलेला मनुष्य ‘बरी’ झाला, आणि पूर्ण मानाने सुटला तर ‘बाइज्जत बरी’ झाला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मुक्त, निर्दोष असा. परंतु मराठी कानाला तो दुखण्यातून उठल्यासारखा ऐकू येतो. आम्हांला हा योगायोग फार आवडतो. आळ हे एक दुखणेच आहे, आणि त्यातून उठलेल्या माणसाला काही दिवस चालताना भिंतीचा आधार लागतोच.

आमच्या शेजारच्या एका शिक्षकाचे असेच झाले. शाळेच्या धान्याच्या हिशेबात तूट निघाली म्हणून त्यांना निलंबित केले आणि चौकशी बसली. ती रेंगाळत पाच वर्षे चालली. अखेर एका कचेरीतून इंग्रजी आदेश आला आणि तो वाचून दाखविण्यासाठी त्यांनी आम्हांला बोलाविले. आदेशात ते क्रियापद होते, आणि त्याच्या आधी ‘फुली’ म्हणजे ‘पूर्णतः’ हे क्रियाविशेषणही होते. हे क्रियाविशेषण क्षुल्लक नव्हे. सरकारी नोकरीच्या नियमांप्रमाणे जो नोकर पूर्णतः दोषमुक्त ठरतो, त्याला निलंबनाच्या काळाचा पुरा पगार व भत्ते मिळावयाचे. एका शब्दावर पाच वर्षांची भाकर अवलंबून होती.

आम्ही आदेश वाचला. शिक्षकांच्या वृद्ध मातोश्री चुलीजवळून म्हणाल्या, “म्हंजे साहेबानं माफ केलं म्हना की, भाऊ.”

आम्ही म्हणालो, “नाही मावशी, माफ नाही केलं. त्यांच्याकडे दोष नव्हताच, असं लिहिलंय.”

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ते तर म्या पयल्याच दिशी सांगितलं व्हतं. मंग हे कागदावर लिवाया येवढी वर्सं कामून लागली?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. परंतु ‘माफ’ हा शब्द त्या घरात राहू दिला नाही, याचे समाधान आम्हांला आजही आहे. तो राहिला असता तर गावाने म्हटले असते की, मास्तराने खाल्ले होते, पण साहेब दयाळू निघाला. आळ गेला असता आणि डाग उरला असता.

एका घराचे जे, तेच साऱ्या डोंगराचे. आमच्याकडील गोंड, कोलाम आणि नाईकपोड पिढ्यान्‌पिढ्या डोंगरउतारावर शेती करीत आले. तिला इकडे ‘पोडू’ म्हणतात. जंगल राखीव झाले आणि एका रात्रीत शेतकरी अतिक्रमक ठरला. शेत तेच, नांगर तोच. बदलला तो कागदावरचा शब्द. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या उद्देशिकेतच मान्य केले की, वनवासी समाजांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. शासनाने स्वतःच्या कायद्यात अशी कबुली देणे ही साधी गोष्ट नव्हे. ज्याला अतिक्रमक म्हटले तोच हक्कदार होता, असा त्याचा अर्थ. तेथे ‘एक्झॉनरेट’ हे क्रियापद नाही, पण त्याचा आत्मा आहे.

त्यानंतर ३० जून २०२३ रोजी तेलंगणाचे तत्कालीन मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी आसिफाबाद येथे पोडू जमिनींच्या पट्ट्यांचे वाटप सुरू केले आणि पोडू शेतकऱ्यांवरील खटले मागे घेण्याचेही जाहीर केले. खटला मागे घेणे हे चांगलेच. त्याने तारखांची पायपीट थांबते. तथापि मागे घेतलेला खटला आणि उतरविलेले ओझे यांत अंतर आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नियमाप्रमाणे आरोप ठेवण्यापूर्वी खटला मागे घेतला तर आरोपी नुसता सुटतो, नंतर घेतला तर निर्दोष सुटतो. दोन्ही वेळा साक्षीपुरावा पुरता तपासला जात नाही. तू चूक नव्हतास, हे वाक्य कोणीच उच्चारीत नाही.

आणि ज्याच्यावर खटलाच चालला नाही त्याचे काय? कुमरम भीम १९४० साली जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीने पडला. सरकारी दप्तरात तो बंडखोर होता. त्याला न्यायालय दिसले नाही, म्हणून त्याला ‘बरी’ होण्याची वाटही नव्हती. त्या चकमकीनंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करण्यास सांगितले. तो मार्लवाई गावी गोंडांमध्ये राहिला आणि त्याने लिहिले की, दुखण्याचे मूळ हातून जाणाऱ्या जमिनीत आणि जंगलाच्या कायद्यात आहे. म्हणजे बंडाचे कारण बंडखोरापाशी नव्हते, तर दुसरीकडेच होते. ज्या सरकारने गोळी घातली त्याच्याच दप्तरात हा कागद गेला. २०१६ साली आदिलाबादचे विभाजन होऊन जो नवा जिल्हा झाला, त्याला भीमाचे नाव मिळाले. आज तेथल्या प्रत्येक सरकारी आदेशाच्या माथ्यावर त्या ‘बंडखोरा’चे नाव छापलेले असते. कोणत्याही न्यायाधीशाने न दिलेला हा निकाल आहे. तो यावयास छहात्तर वर्षे लागली, आणि ज्याची पाठ हलकी व्हावयाची ती पाठ केव्हाच मातीत मिळाली होती.

आपल्या पुराणकर्त्यांना हा विषय चांगला ठाऊक होता. चवथीचा चंद्र पाहिला म्हणून श्रीकृष्णावर स्यमंतक मणी चोरल्याचा आळ आला, ही कथा गोव्यापासून गोदावरीपर्यंत घरोघर ऐकविली जाते. कृष्णाने कोणाकडे क्षमा मागितली नाही आणि आपण देव आहोत असे म्हणून आळ झटकलाही नाही. तो माग काढीत रानात गेला, जांबवंताच्या गुहेत शिरला, मणी घेऊन परतला आणि भरसभेत सत्राजिताच्या हाती ठेवला. सत्राजिताची मान खाली गेली. सत्य शोधले गेले, ते सर्वांसमोर सांगितले गेले, आणि ज्याने आळ घेतला त्याने तो परत घेतला. या तीन गोष्टी जमल्या म्हणजे ओझे उतरते. एक जरी राहिली तरी ते खांदा बदलून तिथेच राहते.

म्हणून आमची सूचना इतकीच की, या इंग्रजी क्रियापदाला ‘क्षमा करणे’ हा प्रतिशब्द लावू नये. ‘ठपका उतरविणे’ असे साधे मराठी म्हणावे. पाठीवरचा भारा उतरविण्याची ओळख ज्याला आहे, त्याला ते लगेच कळेल. क्षमा ही थोर गोष्ट आहे यात शंका नाही. परंतु जी चूक ज्याने केलीच नाही, तिची क्षमा त्याला देऊ करणे हा त्याच्यावर घेतलेला दुसरा आळ होय.