खांद्यांच्या बळावर

ठोशाची ताकद मुठीत नसते, ती पायांतून येते. टाच जमीन रेटते, कंबर वळते आणि मग कुठे मूठ सुटते. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यातले बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. बॉक्सरच्या आयुष्यात याचा अर्थ काय, हा विचार माझ्या मनातून जात नाही. ज्या पायांच्या भरवशावर सारं उभं होतं, नेमके तेच गेले.

उरले खांदे. १९६८ साली ते तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळले. पुढे १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्णपदक. पाय न मारता पोहणं म्हणजे काय, हे पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही. निश्चल पाय नुसते मागे राहत नाहीत, कमरेला खाली ओढतात. प्रत्येक हाताला शरीर पुढेही न्यायचं असतं आणि वरही धरायचं असतं.

हे पदक सगळ्यांना माहीत आहे. मला मात्र त्याच स्पर्धेतले त्यांचे आणखी तीन क्रीडाप्रकार खुणावतात : भालाफेक, ठरलेल्या लक्ष्यावर नेम धरून करायची भालाफेक आणि स्लॅलम, म्हणजे चाकाच्या खुर्चीवरून अडथळ्यांमधून वळणं घेत घड्याळाशी लावलेली शर्यत. तिन्हींत ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. एकाने इतके खेळ खेळणं तेव्हा नवलाचं नव्हतं. लुडविग गुटमान या डॉक्टरांनी स्टोक मँडेविलच्या रुग्णालयात मणक्याच्या रुग्णांसाठी खेळ हाच उपचार मानला, त्यातूनच ही चळवळ वाढली. आपल्या शरीराला आता काय काय जमतं, हे माणूस खेळाखेळातून तपासत जायचा. आजचा पॅराखेळाडू बहुधा एकाच प्रकारात वर्षानुवर्षं घासतो. त्यामुळे विक्रम उंचावले, हे खरंच. पण तो शोध मला अधिक मोलाचा वाटतो.

पेटकरांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, सुवर्णपदकानंतर ४६ वर्षांनी. हे अंतर मला बोचतं. त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ चित्रपट आला तोही २०२४मध्ये. हायडेलबर्गच्या त्या स्लॅलमचं सविस्तर वर्णन मी अजून कुठे वाचलेलं नाही. कुणी लिहिलं, तर पोहण्याच्या शर्यतीआधी मी तेच वाचेन.