खडकीचं युद्धस्मशान

पुण्यात पाहुणे आले की शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग दाखवायची आणि तुळशीबागेत खरेदी करायची, हे आपलं ठरलेलंच! पण होळकर पुलाजवळ, मुळा रोडवर एक शांत, हिरवीगार जागा आहे. तिकडे सहसा कुणी वळत नाही. ती म्हणजे खडकीची युद्धस्मशानभूमी.

खडकी म्हटलं की आपल्याला आठवते ती १८१७ सालची पेशवे-इंग्रजांची लढाई. माझ्या वर्गातल्या मुलींनाही तसंच वाटलं होतं. पण ही थडगी आहेत दुसऱ्या महायुद्धातली, १९३९ ते १९४५ या काळातली. पुण्याजवळ त्या युद्धाची लढाई काही झाली नाही. मग इतके सैनिक इथं कसे आले? पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी सैनिकांना पुरलेलं होतं. त्यांतल्या ज्या थडग्यांची कायमची निगा राखणं अवघड होतं, ती इथं एकत्र आणली गेली. आज इथं अशा १,६६८ जणांची नोंद आहे. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या काळात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक सैनिकांचं एक स्मारकही आहे. ते सैनिक मात्र भारतात आणि आताच्या पाकिस्तानात इतरत्र विसावले आहेत.

दगड सगळे एकाच घडणीचे. मोठा अधिकारी असो की साधा शिपाई, कुणाचाही दगड दुसऱ्यापेक्षा उंच नाही. त्यावर नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि वय. कुठे कुठे खाली घरच्यांनी कळवलेली एखादी ओळ. ती वयं वाचताना मात्र पाय अडखळतात. आपल्याकडे ज्या वयात मुलाच्या पहिल्या नोकरीचे पेढे वाटतात, त्या वयाची ही मुलं!

आमचे मामंजी मात्र म्हणाले, "साहेबाच्या शिपायांचं एवढं काय कौतुक?" त्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. पण त्याच फौजेत आपलीही माणसं होती ना! आताच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे मराठा पलटणीत होते. सोबती पडल्यावर ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले आणि १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. वय अवघं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं नाव कोरलंय ते तिकडे, कॅसिनोच्या स्मारकावर. घरच्या माणसांना तिथं जाऊन एक फूल वाहणं कुठून जमणार?

राज्य कुणाचं होतं, याचा हिशेब इतिहास ठेवीलच. पण परक्या मुलुखात राहिलेल्या लेकराची आठवण तिथल्या कुणीतरी ठेवावी, ही आस इकडच्या आईची आणि तिकडच्या आईची सारखीच. म्हणून मैत्रिणींनो, मुलांना घेऊन एकदा खडकीला जाऊन या. आरडाओरडा नको, खाण्याचे डबेही नकोत. चार दगडांवरची नावं मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या, तेवढं पुरे.